भरतीच्या वेळी काढलेले फोटो

“सगळं मालकिणीच्या घरातलं असणार बघ. येताना एक पिशवी घेऊन येतात या फिलिपिनो, जाताना टीव्हीसकट जातात.”

“हळू बोल जरा.”

“इथे कोणाला मराठी कळतंय?”

मला कळत होतं. दुबई विमानतळावर शेजारच्या, मुंबईच्या रांगेत एक नवरा-बायको उभे होते आणि माझ्या मैत्रिणीच्या, मारिसेलच्या, दोन खोक्यांबद्दल बोलत होते. त्यातल्या एका खोक्यावर माझा हात होता. आदल्या दिवशी मीच त्याला चिकटपट्टी लावली होती. आत टीव्ही नव्हता. मुलीसाठी घेतलेले बूट होते, खजुराची पाकिटं होती, आणि बाकी सगळे कागद: आठ वर्षांच्या वह्या, आणि तिच्या बेटावरच्या साप्ताहिकाची कात्रणं, जी ती येताना घेऊन आली होती आणि आता परत नेत होती.

“काय म्हणतायत?” मारिसेलने इंग्रजीत विचारलं.

“काही नाही. सामानाचं चाललंय.”

मी त्यांच्याकडे वळून मराठीत एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी फोन काढला आणि त्यात बघत राहिले.

तीन वर्षांपूर्वी रत्नागिरीहून निघाले तेव्हा बस सुटेपर्यंत पप्पा खिडकीशी उभे राहून एकच सांगत होते, “आपण बरं, आपलं काम बरं. परक्या मुलखात तोंड उघडायचं ते जेवायला.” आईचं वेगळंच. ती म्हणाली, “रोज एक पान मराठी मोठ्याने वाच. नाहीतर तेवढंही जाईल.” माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठी मी अडखळत वाचायचे आणि सुट्टीत मावशीकडे गेले की सगळे हसायचे. म्हणून मी तिथे बोलायचेच नाही. मावशीच्या मागे मागे खाडीवर जायचे. पाणी ओसरलं की ती वाकून खडकावरची कालवं फोडायची, चिखलात पायाने चाचपून मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायची, आणि मी टोपली धरायचे. तिच्याबरोबर गावातल्या वीसेक बायका असायच्या. बोलायची गरज नसायची.

अजमानमध्ये मारिसेल आणि मी एका खोलीत राहिलो. दोन पलंग, एक खिडकी, आणि दुबईच्या देरा भागातल्या ऑफिसला जायची-यायची एकच बस. आमची कंपनी पर्यावरणाचे रिपोर्ट तयार करते. मारिसेल डॉक्युमेंट कंट्रोलर होती, म्हणजे रिपोर्टमधल्या चुका तपासून फायली लावणारी. सगळे तिला सेक्रेटरी समजायचे. पहिले सहा महिने मीही.

तिच्या बेटावर ती पत्रकार होती. चार पानांच्या साप्ताहिकात ती खाणींवर लिहायची. डोंगरातून निकेल काढायचे, पावसाळ्यात लाल माती खाली यायची आणि उपसागर विटेच्या रंगाचा व्हायचा. साप्ताहिकाला जाहिराती खाणवाल्यांच्याच. त्यामुळे बातमी अडली की ती तिची कविता करायची. तिच्या वारय भाषेत कवितेला सिदाय म्हणतात, आणि तिच्याकडच्या रेडिओवर दर आठवड्याला लोकांच्या सिदाय वाचल्या जायच्या. संपादक बातमी कापायचा, पण कविता कोण कापणार? तीच नावं, तेच आकडे, फक्त यमकात. बाजारातल्या बायकांना ते पाठ व्हायचं.

मग एक मोटरसायकल लागोपाठ तीन दिवस तिच्या दारासमोर येऊन थांबली. त्यावरचा माणूस काही बोलला नाही. चौथ्या दिवशी तिने मुलीला आईकडे ठेवलं. इथे ती व्हिजिट व्हिसावर आली, मॉलमध्ये अत्तर विकलं, रिसेप्शनवर बसली आणि मग आमच्याकडे आली. “मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू?” ती एकदा बसमध्ये म्हणाली. “माझ्याविरुद्ध जे रिपोर्ट वापरले, तसलेच आता मी दुरुस्त करते. स्वल्पविराम लावते.”

गेल्या डिसेंबरमध्ये एक जेटीचा रिपोर्ट आला. जेटी कोकणात व्हायची होती. सर्व्हे तिकडच्या फर्मने केला होता, रिपोर्ट आमच्याकडे तयार करायचा होता, आणि जनसुनावणीआधी गावात वाटायला त्याचा मराठी सारांश हवा होता. तो लिहायला अख्ख्या ऑफिसात मी एकटी. आमचे मॅनेजर पुण्याचे, सगळे त्यांना सर म्हणतात. ते म्हणाले, “बेटा, मस्त सोपं मराठी लिही. सरकारी नको. लोकांना आपलं वाटलं पाहिजे.” फाइल उघडली तर मावशीचं गाव. मावशीची खाडी.

ते मी कोणाला सांगितलं नाही, फक्त मारिसेलला. कारण रिपोर्टमध्ये एक वाक्य होतं: प्रकल्पक्षेत्रात मासेमारीवर अवलंबून असलेलं एकही कुटुंब आढळलं नाही.

“होड्या मोजल्या असतील,” मी म्हणाले. “मावशीकडे होडी नाही.”

मारिसेल फोटो बघत होती. बत्तीस फोटो होते. तिने ते सगळे दोनदा बघितले.

“खडक कुठे आहेत?”

“पाण्याखाली.”

“सगळ्या फोटोंत?”

सगळ्या फोटोंत खाडी काठोकाठ भरलेली होती. मला ती सुंदरच वाटली होती. घरची आठवण आली होती.

“हे सर्व्हेवाले नेहमी भरतीलाच जातात,” मारिसेल म्हणाली. “त्यांना बोटीतून जायचं असतं ना, ओहोटीला बोट चिखलात बसते. आणि तुझी मावशी जाते ओहोटीला. आमच्याकडेही तेच. यावर माझी एक सिदाय आहे.” तिने ती आधी वारयमध्ये म्हटली, मग इंग्रजीत सांगितली. भरतीला आलेला माणूस वहीत लिहितो, इथे कोणी राहत नाही. आणि बायका झाडाखाली बसून तो कधी जातो याची वाट बघतायत. मला हसू आलं होतं. ती हसली नाही.

तिने रिपोर्टच्या समासात शेरा मारला: सर्व्हे ओहोटीच्या वेळी पुन्हा करावा. दोन दिवसांनी सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं.

“मारिसेल, हबीबी, तुझं काम स्पेलिंग बघायचं,” ते इंग्रजीत म्हणाले. “तू कोकण पाहिलंयस का?”

“मी नाही. हिने पाहिलंय.” ती माझ्याकडे वळली. “सांग त्यांना. तुझ्या मावशीचं सांग.”

सर माझ्याकडे बघून हसले आणि मराठीत म्हणाले, “काय गं, तुझे नातेवाईक आहेत का तिकडे?”

त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. खरं तर मायाच होती. माझा व्हिसा मार्चमध्ये रिन्यू व्हायचा होता. पप्पांना मी आल्यापासून एकदाही वाईट बातमी दिली नव्हती. मी टेबलाकडे बघत म्हणाले, “आय ॲम नॉट शुअर, सर.”

“खलास,” सर म्हणाले.

मारिसेलने तो शेरा काढायला नकार दिला, तेव्हा दुसऱ्या कोणीतरी काढला. जानेवारीत तिला कळवलं की करार पुढे वाढणार नाही. मी फोटोंसकट सारांश पूर्ण केला. शब्दकोश घेऊन बसले, प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून बघितलं, आईने सांगितलं होतं तसं. ‘आढळलं नाही’ कोरडं वाटत होतं म्हणून मी ‘खाडीच्या शांत पाण्यावर आज कोणाचीही उपजीविका अवलंबून नाही’ असं केलं. सर म्हणाले, एकदम झकास. आईला मी सांगितलं की ऑफिसात माझ्या मराठीचं कौतुक झालं. तिने शेजारीपाजारी सांगितलं.

विमानतळावर आत जाण्याआधी मारिसेलने मला मिठी मारली. चिडलेली नव्हती, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. “मला तुझी भाषा येत नाही,” ती म्हणाली, “नाहीतर तुझ्या वतीने मी लिहिलं असतं.”

तुम्ही जे घरी राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही इथे येऊन धीट झालो. माझ्यासारखे जे इथे आले त्यांना माहीत आहे, इथे माणूस फक्त नीट गप्प बसायला शिकतो. पगार येतो, व्हिसा येतो, आणि लिफ्टमध्ये चार भाषांत गुड मॉर्निंग म्हणता येतं. मला घर आठवायचं ते आईच्या स्वयंपाकघरासारखं, रिकाम्या रविवारसारखं. आता वाटतं, घर ते, जिथे मी लिहिलेलं वाक्य कोणाच्या तरी अंगावर पडतं. इथे मी काहीही लिहिलं तरी कोणाचं काही बिघडत नाही.

मावशीला वाचता येत नाही, म्हणून ती व्हॉट्सॲपवर आवाज पाठवते. इथे त्यावर कॉल लागत नाहीत. परवा तिचा मेसेज आला.

“काय गो बाय, जेवलीस? आमच्याकडं जेटीचा कागद आलाय. शाळेतल्या बाईंनी सगळ्यांना वाचून दाखवला. त्यात म्हणे खाडीवर कोण जगतच नाय. मग आम्ही काय हवा खातो काय? पण मराठी बाकी काय गो ते, गोड! बाई म्हणाल्या, कोणीतरी आपल्याच मुलखातल्या माणसानं लिवलंय. तुझी आई सांगत होती तूपण असल्याच ऑफिसात हायस. जरा विचार ना कोण तो. गुरवारी सुनावणी हाय, आम्ही वीसजणी जाणार. पण तिथं बोलायचं काय, ते कोणाला कळत नाय.”

मी आधी टाइप करायला घेतलं. मग आठवलं, टाइप केलेलं बाई वाचून दाखवणार आणि मावशी ते बाईंच्या आवाजात ऐकणार. दोनदा रेकॉर्ड केलं आणि पुसलं. एकदा नुसतंच “जेवले” म्हटलं होतं. मारिसेलचा पलंग रिकामा होता, त्यावर बसले, बटण दाबून धरलं आणि बोलले.

“मावशी, तो कागद मी लिहिला. मला माहीत होतं तुम्ही तिथे असता, तरी लिहिला. बाईंना सांग, त्यातले फोटो बघा, सगळे भरतीचे आहेत; सर्व्हेवाले ओहोटीला आलेच नाहीत. सुनावणीला हे सांगा, आणि कोणी विचारलं तुम्हाला कोणी सांगितलं, तर माझं नाव घ्या. पूर्ण नाव.”