सूर्यभान मिस्त्रींचा तळहात

पालमच्या एसटी स्टँडमागं कडुलिंबाखाली सूर्यभान मिस्त्रींचं दुकान आहे. पत्र्याचं, दोन गाड्या जेमतेम उभ्या राहतील एवढं. एके काळी स्टँडपाशी कुणी जुनी जीप चालू करायला सेल्फ मारला, तरी मिस्त्री हातातली कपबशी खाली न ठेवता सांगायचे, "बॅटरी उतरलीय ह्याची." नाहीतर, "कार्बन झिजलेत, सेल्फ खोलावा लागंल." आणि खोलून बघावं तर तेच निघायचं. लोक म्हणायचे, मिस्त्रीला मीटर कशाला पायजे, त्याचे कानच मीटर हायेत. मिस्त्रींनाही ते पटलं होतं. व्होल्ट मोजायचं मीटर लावून काम करणाऱ्याकडं बघून ते गालातल्या गालात हसायचे.

साठी उलटली आणि ते कान जायला लागले. आधी पाखरांचा आवाज गेला, मग माणसांचे शब्द अर्धेच पोचायला लागले. मिस्त्रींनी कुणाला कळू दिलं नाही. गिऱ्हाईक बोललं की मान डोलवायची आणि अंदाजानं काम धरायचं. एकदा चाटोरीच्या ट्रॅक्टरवाल्याचा धडधाकट सेल्फ त्यांनी खोलून ठेवला. दोष बॅटरीत होता. तो माणूस भला, भांडला नाही. फक्त पुन्हा आला नाही. मिस्त्रींनी आठवडाभर शटर उघडलंच नाही.

त्यांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, मग एका सकाळी जेवणाचं ताट पुढं ठेवलं आणि समोर बसून, ओठ नीट दिसतील असं म्हणाल्या, "कान गेल्याचं लपवायलाव, पर गाव काय आंधळं हाय का?"

मिस्त्री जेवले नाहीत, पण दुपारी परभणीला जाऊन मीटर घेऊन आले. उतारवयात ते पोरासारखे शिकत बसले. स्वतःच्या जुन्या जीपवर एकेक वायर तपासायची, आकडा बघायचा. सेल्फ मारताना हेडलाइट मंदावतो की नाही, ते बघायचं. वायरीच्या टोकांवर तळहात ठेवून कोणतं तापलंय ते ओळखायचं. वर्षभरानं हाताला अशी सवय लागली, की इंजिनावर पंजा टेकवला की ते जड फिरतंय की हलकं, ते त्यांना कळायला लागलं. पण हे बघायला गिऱ्हाईकच नव्हतं.

यंदाच्या पौषात एका सकाळी परमेश्वर दुकानाशी आला. हा त्यांचाच शागीर्द. दहा वर्षं हाताखाली राहून आता त्याचं गंगाखेड रोडला स्वतःचं मोठं गॅरेज आहे. सोबत निळ्या रंगानं चकाकणारी जुनी पिकअप होती, सहा जणांनी ढकलत आणलेली. मालक बिरदेव, मेंढपाळ. याच गाडीतून तो कोकरं बाजाराला नेतो.

परमेश्वर काहीतरी बोलला. मिस्त्रींना "बॅटरी" एवढंच कळलं. त्यांची मान सवयीनं डोलायला निघाली होती. ती त्यांनी थांबवली. सहा माणसांसमोर ते मोठ्यानं म्हणाले, "परमेश्वर, मला ऐकू येत न्हाई. म्होरं ये आन् तोंड दिसंल असं बोल."

परमेश्वर पुढं आला, सावकाश बोलायला लागला. "मामा, सेल्फ लय जड फिरायलाय. बॅटरी नवी टाकली. सेल्फ खोलून कार्बन बदलले, बुश बदलले. ऑइल बी बदललं. तरी तसंच. माझी अक्कल संपली."

"कवापासून?" मिस्त्रींनी बिरदेवला विचारलं.

"दिवाळीपासून."

"दिवाळीला काय केलतं गाडीला?"

"काय बी न्हाई." बिरदेवनं डोकं खाजवलं. "रंग दिला तेवढा. पार खालपस्तोर, चेसिसला सुदीक."

मिस्त्रींनी हेडलाइट लावायला सांगितले. "आता सेल्फ मार." सेल्फ रडतखडत फिरला, दिवे मात्र जसेच्या तसे लख्ख राहिले. म्हणजे बॅटरीत दम होता, तो सेल्फपर्यंत पोचत नव्हता. त्यांनी बॅटरीच्या दोन्ही टोकांना हात लावला. थंड. सेल्फच्या जाड वायरीला लावला. थंड. मग पोतं अंथरून ते गाडीखाली शिरले. इंजिनाकडून चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, जोडणारी आणि करंट बॅटरीकडं परत नेणारी अर्थची पट्टी तिथं होती. तिच्या चेसिसकडच्या बोल्टवर बोट टेकलं आणि त्यांनी ते झटकन मागं घेतलं. बोल्ट चांगलाच तापला होता.

तरी त्यांनी घाई केली नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली आणि परमेश्वरला पुन्हा सेल्फ मारायची खूण केली. काटा दोन व्होल्टवर गेला. तो जागचा हलायलाही नको होता. मग त्यांनी एक जाड वायर बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनाला लावली. "आता मार."

मिस्त्रींचा पंजा इंजिनावर होता. खालून एकच जोरदार उसळी आली आणि सगळं इंजिन त्यांच्या हाताखाली थरथरायला लागलं. मागं वळून बघितलं तर सहाही माणसांची तोंडं उघडी होती आणि बिरदेव हसत होता.

गाडी बंद करून पट्टी खोलली. रंगाऱ्यानं काम मन लावून केलं होतं: पट्टी सोडवून तिच्या जागीही दोन हात रंग मारला होता आणि वरून तीच पट्टी पुन्हा कसली होती. त्या रंगामुळं करंट अडत होता. मिस्त्रींनी स्वतः घासून तिथं पांढरं लोखंड उघडं केलं, नवी पट्टी बसवली, वर ग्रीस लावलं. बिरदेवनं चावी फिरवली न फिरवली तोच गाडी चालू झाली. त्यानं ती तीनदा बंद केली आणि तीनदा चालू केली.

परमेश्वर हात पुसत उभा होता. "मामा, मी महिनाभर हिच्या मागं हाय. माझ्याकडं मीटर हाय, सगळं हाय. रंगाचं मला सुचलंच न्हाई."

"तू गाडीला इचारलंस," मिस्त्री म्हणाले, "मालकाला इचारलं न्हाईस."

परमेश्वर वाकून त्यांच्या पाया पडला. उठल्यावर त्यांच्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "आता माझ्याकडची अडलेली गाडी इथं येणार. तुमी न्हाई म्हणायचं न्हाई."

मिस्त्रींनी न्हाई म्हटलं नाही. घरी जाताना ते स्टँडसमोरच्या रस्त्याच्या मधोमध, ताठ मानेनं चालत गेले. कस्तुराबाई दारात उभ्या होत्या. बातमी मिस्त्रींच्या आधीच पोचली होती. त्यांनी पाटावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि पदराआड हसल्या.

पुढच्या सोमवारी दुकानाच्या शटरशेजारच्या पत्र्यावर लाल रंगात ठळक अक्षरं उमटली. मिस्त्रींनीच मजकूर सांगून लिहून घेतली होती: "मिस्त्रीला ऐकू येत नाही. समोर उभं राहून बोला." त्या दिवशी दुपारपर्यंत शटरसमोर तीन गाड्या लागल्या. त्यातली एक चाटोरीच्या ट्रॅक्टरवाल्याच्या भावाची होती.