मास्तरांनी सांगितलेला राजीनामा

पंख्याच्या मोटरची तार गुंडाळायला मास्तरांनी अख्ख्या खात्याला शिकवलं, म्हणून ते मास्तर. शाळेचं म्हणाल तर नववीपुढे गेले नव्हते. पण तार किती ताणायची, कुठे सैल सोडायची, हे ते हाताला धरून शिकवायचे, आणि कोणाची तार तुटली तर ओरडण्याआधी बोट कापलं का ते बघायचे. खात्यातल्या अकरा जणांचा त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास होता. हा विश्वास त्यांना आवडायचा, जरा जास्तच आवडायचा.

कारखान्याला उतरती कळा लागली तेव्हा मॅनेजरसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं. एकवीस वर्षांत मास्तर त्या खोलीत कायम उभेच राहिले होते. त्या दिवशी खुर्ची मिळाली, चहा मिळाला, वर "तुमच्या शब्दाला वजन आहे" हेही ऐकायला मिळालं. साहेबांनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मास्तर आनंदाने चढले. साहेबांचं म्हणणं एवढंच, की खातं बंद होणार आहे, कामावरून काढल्याचा डाग कशाला हवा, तेव्हा सगळ्यांनी आपणहून राजीनामे द्यावेत.

"पण साहेब, आपणहून सोडली तर बेकारी भत्ता मिळत नाही ना?" मास्तरांनी विचारलं. सूचना फलकावर लावलेला नियम त्यांनी स्वतः वाचला होता. तसल्या कागदांकडे बाकी कोणी ढुंकूनही बघायचं नाही.

"ते बघू नंतर," साहेब म्हणाले. "चहा घ्या."

मास्तरांनी चहा घेतला. पुन्हा विचारलं नाही. एवढ्या मानाने बसवलंय, तर खोदून खोदून विचारायचं कसं, असं त्यांना वाटलं. कोणी म्हणेल, भोळा माणूस. भोळा कसला! मान मिळाला आणि जीभ आखडली, एवढंच झालं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी अकरा जणांना राजीनाम्याचा मजकूर सांगितला. 'घरगुती अडचणींमुळे'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत सगळ्यांनी मान खाली घालून लिहिलं. भत्त्याचं कोणी विचारलं नाही, कारण सांगणारे मास्तर होते. त्यांचा स्वतःचा राजीनामा मात्र राहून गेला. "तुमचं काय, उद्या द्या," साहेब म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप होतं आणि मास्तरांच्या हातात कामावरून कमी केल्याचं पत्र पडलं.

त्या पत्रावर मास्तरांना सहा महिन्यांसाठी अर्ध्या पगाराइतका भत्ता मंजूर झाला. बाकीचे अकरा अर्ज परत आले. नोकरी स्वतःहून सोडली, सबब भत्ता नाही.

तेव्हापासून बाजारात ओळखीचं कोणी दिसलं की मास्तर बाजूच्या गल्लीत वळायचे.

"अहो, भत्ता मिळतोय तरी तोंड का असं?" बायको म्हणाली. "बाकीच्यांना तर तोही नाही."

नेमकं तेच तर त्यांना खात होतं, पण ते तिला सांगायचा धीर होईना.

मग कळलं की भत्ता कार्यालयाने फेरचौकशी लावली आहे. कोणी दबाव आणून राजीनामे लिहून घेतले असतील तर भत्ता मिळू शकेल. महिनाअखेरीला फाईल बंद. अकरा जणांना एकेक करून बोलावलं आणि एकच विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंत? आता आपल्याला बोलावणं येणार म्हणून मास्तर रोज पोस्टमनच्या वाटेकडे बघत बसायचे. पंधरा दिवस झाले तरी काही आलं नाही, आणि त्यांना चक्क हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

शेवटी महिन्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी ते मावशींकडे गेले. मावशी म्हणजे खात्यातल्या सगळ्यांत जुन्या कामगार. आता दोन खोल्यांच्या घरात शिलाई मशीनवर लोकांच्या पँटी आखूड करत बसल्या होत्या.

"या, मास्तर! किती वाळलात हो! भत्ता मिळतोय ना वेळेवर?"

मास्तरांना थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"मावशी, चौकशीत काय सांगितलंत तुम्ही?"

"काय सांगणार? आमच्या मनाने लिहिलं म्हटलं. सगळ्यांनी तेच सांगायचं ठरलं होतं."

"अहो, पण का?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर तुमचाही भत्ता अडकला असता. तुमच्या मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. बाराच्या बारा घरं बसण्यापेक्षा एक तरी चालू दे. आपल्या खात्यातला तो बडबड्यासुद्धा गप्प राहिला, बघा! जन्मात पहिल्यांदा." मावशी हसल्या. "आणि तुम्ही काय मुद्दाम केलंत? तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?"

मास्तरांना वाटलं, नुसती मान हलवावी, पाणी प्यावं आणि उठावं. कोणालाच काही कळलं नसतं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "नियम वाचला होता मी. साहेबांना विचारलंही होतं. ते म्हणाले चहा घ्या, मी घेतला. तुम्हाला सांगितलं नाही."

मशीन थांबलं. मावशी ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर मास्तरांना सोपं गेलं असतं. मग त्यांनी मांडीवरची पँट बाजूला ठेवली, उठून पायात चपला सरकवल्या आणि दार उघडलं.

"मला कशाला सांगताय?" त्या म्हणाल्या. "भत्त्याचं ऑफिस पाचपर्यंत उघडं असतं. उठा."