शारदाबाईंची करंगळी

रोज सकाळी नळाला पाणी आलं की शारदाबाई बादली लावायच्या आणि ती भरेपर्यंत मांडीवर ताल मोजायच्या. एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. लहानपणी कानडी मुलखात, शेजारच्या वेणुगोपाल मास्तरांच्या ओसरीवर, कर्नाटक संगीत शिकणाऱ्या मुलींत बसून लागलेली ही सवय. पुढे त्या हिंदुस्थानी गाणं शिकल्या, तेही नुसत्या कानानं. मोजणारा हात मात्र जुनाच राहिला.

बावन्नाव्या वर्षी, शहाण्णव साली, त्यांनी संगीताच्या एम.ए.ला अर्ज केला. गाण्याची परीक्षा सहज पार पडली. उरला शास्त्राचा पेपर. थेट एम.ए. की आधी एक वर्ष पूर्वतयारीचा वर्ग, हे त्यावर ठरणार होतं. वर्ष घालवायला आपण काही विशीतल्या नाही, असं त्यांनी सुनेला बजावलं.

सून उल्का पुण्याची, स्वरलेखन शिकून आलेली. दुपारी दोघी जेवणाच्या टेबलावर वह्या पसरत. शारदाबाईंचे यजमान वासुदेवराव दुकानातून जेवायला आले की त्यांना कोपऱ्यापुरती जागा मिळे. उल्का टाळ्या देऊन ताल धरायची, सासूबाई लिहायच्या. चूक दिसून तिनं लाल पेन्सिल उचलली की माहेरच्या कानडी वळणानं म्हणायच्या, "स्वल्प थांब गं, मास्तरीणबाई," आणि स्वतःच खोडायच्या.

परीक्षेत तीनतालातली बंदिश लिहायची होती. तिथे टाळी द्यायला उल्का नव्हती.

पंधरा दिवसांनी फलक लागला. शारदाबाईंचं नाव पूर्वतयारीच्या यादीत. उल्कानं पेपर दाखवायची विनंती केली. कचेरीतल्या बाईंनी तो काढून दिला. स्वर एकही चुकलेला नव्हता. पण सोळा मात्रांचे चार-चारचे चार भाग पाडायचे, तिथे आठ, चार, चार असे पडले होते, कर्नाटक तालात पडतात तसे. नवव्या मात्रेला ‘खाली’ची, म्हणजे टाळी न देण्याची खूण हवी, तिथे ठसठशीत टाळी.

उल्काला सगळं उमगलं. एवढ्या दुपारींत तिनं एकदाही ताल त्यांच्या हाती दिला नव्हता.

"आई, माझंच चुकलं," ती कशीबशी म्हणाली.

शारदाबाई आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. "मी इतकी लांब आले गं, हा अजून मास्तरांच्या ओसरीवरच बसलाय."

पेपर नीट घडी करून त्यांनी परत दिला आणि वर्ग किती वाजता भरतो ते विचारलं.

"अकराला? सरी, चालेल. भात लावून निघता येईल."