लेथची घरघर

शेजारच्या काकांनी निवृत्तीनंतर बाल्कनीत लाकूड कातायचं छोटं लेथ मशीन बसवलं, तेव्हा मला त्यांचा हेवाच वाटला. रोज दुपारी ते लाटणी, भोवरे कातत बसत. छंद माणसाला मोकळं करतो, असं मला वाटायचं.

काल त्यांना चहाला बोलवायला गेले. मशीन नुसतंच फिरत होतं, त्यावर लाकूड नव्हतं. काका बाल्कनीचे गज धरून रस्त्याकडे बघत उभे होते.

“बंद करू का?” मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं.

“नको गं,” आतल्या खोलीकडे पाहत ते म्हणाले. “तुझी काकू अंथरुणाला खिळल्यापासून आवाज थांबला की घाबरते. तिला वाटतं, मी सोडून गेलो.”

मग चहा मीच तिकडे नेला. त्या घरघरीत बोललेलं नीट ऐकू येईना. मशीन चालूच ठेवून आम्ही तो प्यायलो.