शेजाऱ्यानं ड्रिल परत आणून दिलं!

मंडळी, शेजारच्या भाऊसाहेबांनी नेलेली वस्तू आजवर परत आलेली नाय. आमची शिडी अजून त्यांच्याच गच्चीवर आहे.

आज मात्र कालच नेलेलं ड्रिल स्वतःहून आणून दिलं. तेही पुसून, वर पाव किलो इमरती!

मला लई शंका आली. बायको म्हणाली, "जरा माणसांवर भरोसा ठेवा."

ठेवला. त्यांच्यासमोरच इमरती खाल्ली.

दुपारी हॉलमधल्या कॅलेंडरखाली विटेचा भुगा दिसला. कॅलेंडर काढलं, तर आमच्या सामाईक भिंतीला आरपार भोक! कान लावला. पलीकडून वहिनी विचारत होत्या, "त्यांना कळलं का हो?"

"नाय. इमरती खाल्ली त्यांनी."

आता तुम्हीच सांगा, त्या भोकातूनच शिडी मागू का?