पोट्टे खेळवाची डिग्री

"पोट्टे खेळवाची डिग्री पाहिजे म्हणते लहानीले. अवो, त्याच्यासाठी डिग्री लागली असती तं माह्ये पाच कसे मोठे झाले असते?"

सासूबाई हे शेजारच्या काशीबाईंना सांगत होत्या. लहानी म्हणजे मी, या घरची धाकटी सून. मी कपबशा घेऊन दाराआड उभी होते.

काशीबाईंनी विचारलं, "अन् नापास झाली तं? मंग पोट्टे खेळत नाही काय तिच्याजवळ?"

मी चार पावलं मागं गेले, कपबशा जरा वाजवल्या आणि पुन्हा आले. दोघी मान खाली घालून तांदळातले खडे वेचत होत्या.

असल्या गोष्टी जमवायला कुठं जावं लागत नाही. सून होऊन तुमसरात यावं, डोक्यावर पदर घ्यावा, गप्प राहावं, आपोआप साचतात. लग्न झालं तेव्हा माझं नागपूरचं एम.एस्सी. अर्धं झालं होतं. गृहविज्ञान, त्यात बालविकास. म्हणजे सहा वर्षांपर्यंतची मुलं. "पुरं करू देऊ," असं बोलणीत ठरलं होतं. जाऊन-येऊन तास संपवले. राहिली एका मुलाच्या निरीक्षणाची फाईल, आणि एप्रिलमध्ये पंधरा दिवस नागपूरला राहून परीक्षा. फाईल अपुरी असेल तर परीक्षेला बसता येत नाही. आणि जाऊबाईंचे दिवसही एप्रिलमध्येच भरत होते.

०

बाबूजी, म्हणजे माझे सासरे, धानाचे दलाल. त्यांनी बाजारात सांगून टाकलं, "सून लहान पोराईचं शिकून राहिली." पुढचा शब्द बाजारानं स्वतःच भरला.

आठ दिवसांत आंधळगावचा एक म्हातारा खोकणाऱ्या नातवाला घेऊन दारात. माझ्या यजमानांनी समजावलं, "काका, ते डॉक्टर नाही. ते फक्त पोराईकडे पाहते."

म्हातारा खाली बसला. "मंग पाहू द्या. एवढ्या दुरून आणलं आहे."

मी पाहिलं. चांगला मुलगा होता. यजमानांनी दोघांना दवाखान्यात पोचवलं. जाताना म्हातारा सांगून गेला, "बाई चांगली पाहते."

०

निरीक्षणासाठी मी जाऊबाईंची गुड्डी निवडली. वय चार. पंधरा बैठका, प्रत्येक अर्ध्या तासाची, मिनिटामिनिटाची नोंद. लग्नात मिळालेलं मनगटी घड्याळ पहिल्यांदा कामी आलं.

नियम मॅडमनी वर्गातच सांगितला होता. निरीक्षकानं मुलाजवळ असावं, पण तो आहे हे कुणाच्या लक्षात येऊ नये. बोलू नये. मदत करू नये. मत देऊ नये.

वर्गातल्या मुलींना हे फार अवघड गेलं. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं.

०

तिसऱ्या बैठकीत गुड्डी सपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, धानाच्या पोत्यांवर चढली. दोनच थर होते, खाली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरलेली. तरी सासूबाई धावत आल्या.

"पोट्टी पडून राहिली अन् ही लिहून राहिली!"

संध्याकाळी बाबूजींनी विचारलं, असं लिहिलं तरी काय? यजमानांनी वाचून दाखवलं.

"४.१० – पोत्यांवर चढते. ४.११ – खाली बघते. ४.१२ – आजी उतरवते. ४.१३ – रडते. रडताना आजी कुठं आहे ते बघते. ४.१४ – आजी आत जाते. ४.१५ – पुन्हा चढते."

बाबूजींनी पानाचा डबा बंद केला. मग हळूच म्हणाले, "आजीचं पण लिहिते काय?"

०

दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. दुपारभर बनियनवर असणारे बाबूजी सपरीत यायच्या आधी सदरा घालू लागले, वरचं बटणही लावू लागले. भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, वहीच्या बाजूनं जाताना चपला हातात घेत. गुड्डीला ऊठसूट "मरतुकडी" म्हणणाऱ्या सासूबाई तिला "बाळा, पाणी पेतं काय?" म्हणू लागल्या.

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी गुड्डी माझ्या कानाशी आली.

"काकू, आजीले बरं नाही काय?"

०

मग छोट्या चाचण्या. एका पायावर उभं राहणं, मणी ओवणं, वर्तुळ बघून तसंच काढणं. गुड्डीला सगळं आलं. काशीबाईंना एका पायावर राहणं जमलं नाही; त्यांनी अंगणाला उतार आहे म्हणून सांगितलं.

एका दुपारी घर निजलेलं असताना सासूबाई माझ्या कागदासमोर बसलेल्या दिसल्या. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या. पेन्सिल त्यांनी मुसळासारखी मुठीत धरली होती. पहिलं वर्तुळ जुळलं नाही. दुसरंही नाही. मी दारात होते. मदत करू नये.

सहावं जुळलं. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, कागदाची घडी केली आणि कमरेच्या बटव्यात ठेवली.

फाईलमध्ये ही नोंद नाही.

०

मार्च संपत आला होता. दिवेलागणीला सपरीत पंधरावी, शेवटची बैठक चालू होती. गुड्डीनं भातुकली मांडली. एक बाहुली तिनं खांबाआड उभी केली. "ही लहानी. ही बोलत नाही."

मी लिहून घेतलं.

तेवढ्यात भासरे येऊन बाबूजींजवळ बसले. "एप्रिलमध्ये गुड्डीच्या मायचं बाळंतपण. घरातली एक बाई कमी कशी चालन? लहानी पुढच्या साली देईन परीक्षा."

स्वयंपाकघरातून जाऊबाई म्हणाल्या, "माह्या बाळंतपणात लहानी कोणत्या कामाची? ते लिहतच बसन."

"तू चूप राय." भासरे तांदूळ पाखडत बसलेल्या सासूबाईंकडे वळले. "माय, तूच सांग. पोट्टे खेळवाले डिग्री कायले लागते?"

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. एक हात बटव्याकडे गेला. भासऱ्यांनी थोडी वाट पाहिली, मग तेच पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं. सूप थांबलेलंच होतं.

बाबूजींनी सवयीनं विचारलं, "लहानीले काही म्हणाचं आहे काय?"

या प्रश्नाला उत्तर द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. भासऱ्यांसमोर तर मी दहा महिन्यांत एक शब्द काढला नव्हता. बाबूजी पानाचा डबा उघडायलाही लागले होते.

मी घड्याळ पाहिलं. पदर सारखा केला.

"दादा, थोडं हळू बोला. निरीक्षण चालू आहे. अकरा मिनिटं राहिली. मग मी नागपूरला कोणत्या गाडीनं जायचं, ते ठरवू."