शेवटच्या नावापर्यंत कर्णा

आमच्या तरंगत्या गावात दिवेलागणीला जो उजेड पडतो, तो बोंग थाव्रीच्या तराफ्यावरून आलेला असतो. सकाळी होड्यांतून बॅटऱ्या तिच्याकडे जातात, संध्याकाळी भरून परत येतात. पत्र्यावर सोलर, खाली ट्रकच्या जुन्या बॅटऱ्यांच्या रांगा, आणि मधोमध लाल-काळे चिमटे गळ्यात अडकवून बसलेली बोंग. तिच्याहून वयाने मोठ्या बायकाही तिला बोंग, म्हणजे थोरली बहीणच म्हणतात. म्हणतील नाहीतर काय, सगळ्यांचे टीव्ही तिच्या हातात!

पितरांच्या पंधरवड्यात, अखेरच्या दिवशी, विहारातून घरोघरच्या गेलेल्यांची नावं कर्ण्यावरून पुकारतात. नाव कानावर पडलं की पितर जेवतो, नाही पडलं तर उपाशी परततो. विहाराजवळच्या घरापासून सुरुवात होते आणि टोकाच्या घरापाशी संपते. टोकाचं घर बोंगचं. सलग दोन वर्षं तिच्या आईचं नाव यायच्या आधीच कर्णा कुईं करून गप्प झाला. विहारात म्हणे नुसत्या तोंडाने घेतलं नाव. पण त्या दिवशी पाहुण्यारावळ्यांमुळे गावभरच्या बॅटऱ्या बोंगकडे असतात, तिला तराफा सोडता येत नाही.

"मलाच ऐकू आलं नाही, तर आईला कुठून येणार?" ती म्हणायची. "तिला जिवंतपणीच कमी ऐकू यायचं." हसायची आणि तोंड फिरवायची.

वर लोकांचे टोमणे होतेच, "विहाराच्या बॅटऱ्या बोंग अर्ध्याच भरते!"

यंदा सणाच्या आदल्या दिवशी मी अन्सोमसाठी, केळीच्या पानात गुंडाळून उकडायच्या भातासाठी, चिकट तांदूळ भिजवून विहारात फुलं द्यायला निघाले, तर बोंग माझ्या होडीत येऊन बसली. मांडीवर जाड तारेचं भेंडोळं.

विहारात बॅटऱ्यांच्या वर एक इन्व्हर्टर, लाल कापडावर, गळ्यात हार. शहरातल्या कुणा बाईंनी दोन वर्षांमागे दान दिलेला, सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव. बोंगने त्याला कान लावला.

"ऐक. कर्णा बंद आहे, तरी हा गुणगुणतोय. काम नाही तेव्हाही खातोय."

"म्हणजे गं?"

"बॅटरी बारा व्होल्टची. हा त्याचे दोनशेवीस करतो. मग कर्ण्याचा ॲम्प्लिफायर ते परत खाली उतरवतो. तांदूळ देऊन मासे आणायचे, मासे विकून पुन्हा तांदूळ आणायचा, असलं झालं हे. दर फेरीला मूठभर पाण्यात सांडायचा!"

तिने ॲम्प्लिफायर फिरवला. मागे कुणी भक्तिभावाने सोनेरी कागद चिकटवला होता. नखाने तो खरवडला तर आत दोन स्क्रू, एक लाल, एक काळा, आणि शेजारी लिहिलेलं, बारा.

तेवढ्यात ता न्हेम आले. विहारातली पूजाअर्चा तेच सांगतात, कर्ण्यावरून नावंही तेच पुकारतात. ता म्हणजे आजोबा, सगळ्यांचेच.

"ए थाव्री, हात लावू नकोस! दानाची वस्तू आहे. बाजूला काढलीस तर देणाऱ्या बाईंचं पुण्य जाईल."

"ता, गेल्या वर्षी मी चीवर दिलं. कुठल्या भिक्खूंच्या अंगावर आहे?"

"कपाटात आहे. ढीगभर आली होती, घालतील किती?"

"मग माझं पुण्य गेलं?"

ता न्हेम खाकरले. "तसं नाही. दिलंस तेव्हाच पोचलं ते."

"मग या बाईंचंही पोचलं. ह्याला इथेच बसवा, हार घाला, नमस्कार करा. फक्त जेवायला देऊ नका."

मी गळ्यातला क्रामा, चौकड्यांचा पंचा, तोंडाला लावून हसू दाबलं. ता न्हेमनी बुद्धाकडे पाहिलं, मग इन्व्हर्टरला हात जोडले आणि स्वतःच त्याचं बटण बंद केलं.

बोंगने आखूड, जाड तार थेट त्या स्क्रूंना जोडली, मध्ये फ्यूज घातला. मूर्तीपुढचे छोटे दिवे थेट बॅटरीवर घेतले. भिक्खूंच्या फोनसाठी बाराचे पाच करणारी एक डबी लावली.

दुसऱ्या दिवशी मी नैवेद्य ठेवला, पंचशील घेतलं आणि होडी वळवून बोंगच्या तराफ्यावर जाऊन बसले. नावं सुरू झाली. बोंगने चिमटे खाली ठेवले. गेल्या वर्षी जिथे आवाज गेला होता ते फाल्लीचं घर आलं, गेलं. पुढचं आलं, गेलं. बोंगने माझं मनगट धरलं.

"थाव्रीची आई, यिय खोन!"

पाण्यावरून आवाज स्वच्छ आला. बोंगने मोठ्या मासळीच्या आमटीचं झाकण काढलं, आईसाठी वाढलेला वाडगा पुढे सरकवला आणि मोठ्याने म्हणाली, "आई, ऐकलंस ना? आता जेव पोटभर." मग रडली, मग हसली.

एवढ्यात कर्णा पुन्हा बोलला.

"अगं आई गं, गुडघे गेले माझे! ते अन्सोम केळ्याचं आहे का डुकराचं?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. गेली दोन वर्षं कर्णा आपोआप मरायचा. बिचाऱ्या ता न्हेमना तो बंद करायची सवयच राहिली नव्हती!

"डुकराचं दोन थाव्रीला बाजूला काढा," कर्णा साऱ्या गावाला सांगत होता. "पोरीने काम चोख केलंय. बॅटऱ्या अर्ध्या भरते म्हणणाऱ्यांनी आता मूग गिळावेत. पण तिला कळू देऊ नका हं, डोक्यावर बसेल!"

होड्याहोड्यांतून हशा उसळला. बोंग तराफ्याच्या कडेला उभी राहिली, हातांचा कर्णा केला आणि ओरडली, "ता, दोन नको, तीन! आई जेवायला आलीय!"